काळ्या मातीत कायफळ : एका एकराची पूर्ण नोंद

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातली सकाळ. माती परीक्षणाची माझी खोली नुकतीच उघडली होती, तोच काकाजी दारात आले. हातात मुळासकट उपटलेलं एक रोप होतं.

"पोरी, पाय बरं याले काय झालं. जुलैत शंभर लावले. आता धड चाळीस बी हिरवे नाई रायले."

रोप वीतभर उंच. शेंड्याची कोवळी पानं पिवळीधमक, त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या, आणि खालची जुनी पानं अजून बऱ्यापैकी. संत्र्याच्या बागेत फिरलेल्या माणसाला हे चित्र लांबूनही ओळखू येतं : झाडाला लोह मिळत नाही. मी विचारलं, "कशाचं आहे काकाजी?"

"कायफळ."

आमचा भाग यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्ह्याच्या बाजूचा. इथे पऱ्हाटी म्हणजे कपाशी, तूर, सोयाबीन, थोडी हळद, कुठे कुठे संत्रा. कायफळ आम्हाला माहीत ते काष्टौषधीच्या दुकानातल्या पुडीतून. त्याचं जिवंत रोप मी त्या दिवशी पहिल्यांदा हातात घेतलं. काकाजी माझ्या वडिलांचे जुने स्नेही, त्यामुळे काम म्हणून घेतलेलं हे प्रकरण पुढे तीन वर्षं घरचंच होऊन बसलं. आजूबाजूच्या गावांतल्या आणखी काही कास्तकारांनी याच रोपांसाठी आगाऊ पैसे भरल्याचं कळलं, तेव्हा काकाजीच म्हणाले, "लिहून काढ पोरी, जसं झालं तसं." म्हणून ही नोंद. त्यांचं आणि गावाचं नाव त्यांच्याच इच्छेने गाळलं आहे.

एकर कुठला आणि मोह कशाचा

काकाजींचं वावर पाच एकर. चार एकर सपाट, काळं. एक एकर टेकडीच्या पायथ्याशी, वरच्या अंगाला मुरमाड आणि खालच्या अंगाला चुनकंकर मिसळलेलं काळं. या एकरात रोही (नीलगायी) आणि रानडुकरं काही म्हणता काही ठेवत नाहीत. दोन हंगाम तूर गेली, एक हंगाम हरभरा गेला. काकाजींनी साठी ओलांडलेली, मुलगा पुण्यात. रात्री जागलीला जाणं आता होत नाही. जनावर तोंड लावणार नाही, वर्षानुवर्षं उभं राहील, राखण लागणार नाही असं काहीतरी या एकरात लावावं, ही त्यांची गरज अगदी खरी होती. पुढचं सगळं वाचताना ती विसरू नये. त्यांना हावरट म्हणणारे गावात भेटले मला, आणि त्यांचं बोलणं मला पटलेलं नाही.

मे महिन्यात एक माणूस गावात आला. त्याच्याकडे औषधी झाडांची रंगीत पत्रकं होती. कायफळाच्या सालीला औषध कंपन्यांकडून मागणी आहे, फळही विकतं, रोही खात नाही, तिसऱ्या वर्षी उत्पन्न सुरू, साल आम्हीच विकत घेऊ, असं तो म्हणाला. एक रोप १२० रुपयांना. शंभर रोपांचे १२,००० रुपये, खड्डे आणि ठिबकच्या नळ्या धरून खर्च तीसेक हजारांवर गेला. खरेदीची हमी तोंडी होती. कागदावर फक्त रोपांची पावती.

काकाजींचा विश्वास बसला त्यामागे आणखी एक कारण होतं. त्यांच्या आईच्या, म्हणजे आजीच्या, लाकडी डब्यात कायफळ असायचं. जायफळ, मायफळ, कायफळ ही तीन नावं आमच्याकडे एका दमात घेतली जातात. जायफळ बी आहे, मायफळ ही ओकच्या झाडावर किड्यामुळे उठलेली गाठ आहे, आणि कायफळ नावात फळ असूनही दुकानात मिळते ती झाडाची साल. बाहेरून करडी, आतून तांबूस, कडक. तिची पूड चिमूटभर हुंगली की शिंकांवर शिंका येतात. डोकं जड झालं, सर्दी साचली की आजी तेच करायच्या. अंग गार पडलं, घाम सुटला तर सुंठीबरोबर पूड करून तळहात-तळपायाला चोळायच्या. संस्कृतातलं कट्फल ते हेच. चरकसंहितेत संधानीय (तुटलेलं सांधणारी) आणि वेदनास्थापन (वेदना शमवणारी) या दोन्ही औषधी गणांत त्याचं नाव येतं. इतक्या जुन्या ओळखीची वस्तू आपल्या मातीत येणार नाही, हे काकाजींच्या मनातही आलं नाही. मलाही ते नवल वाटत नाही. हिंगाशिवाय आपली एक फोडणी होत नाही, पण देशात हिंगाचं रोप लावण्याची सुरुवात झाली ती ऑक्टोबर २०२० मध्ये, आणि तीही हिमाचलातल्या लाहौलच्या थंड, कोरड्या खोऱ्यात. डब्यातल्या वस्तूचं घर कुठे आहे हे डबा सांगत नाही.

रोपं खोटी नव्हती

गावात एव्हाना एकच चर्चा होती : भलतीच रोपं माथी मारली. माझाही पहिला संशय तोच. म्हणून आधी रोपाची ओळख पटवायची ठरवली.

पान चुरडलं, मंद सुगंध आला. पानाची खालची बाजू भिंगाखाली धरली तर राळेचे बारीक ठिपके दिसले. पानं फांदीच्या टोकाशी गर्दी करून होती. रोपावस्थेतल्या पानांच्या कडा दातेरी. फोटो वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या जुन्या बाईंना पाठवले, त्यांनीही दुजोरा दिला. रोपं कायफळाचीच होती, मिरिका एस्क्युलेंटा. विकणाऱ्याने झाड खरं दिलं होतं. ते कुठे जगतं हे मात्र सांगितलं नव्हतं.

आणि ते कुठे जगतं, यातच या प्रकरणाचं उत्तर होतं. कायफळ हे हिमालयाच्या बाहेरच्या रांगांमधलं सदाहरित झाड. रावी नदीपासून पूर्वेकडे नेपाळ, भूतान, आसाम आणि खासी टेकड्यांपर्यंत, साधारण ९०० ते २,१०० मीटर उंचीच्या पट्ट्यात ते वाढतं. कुमाऊं-गढवालमध्ये त्याला काफल म्हणतात. तिथे ते बांज (ओक), बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन) आणि चीड (पाइन) यांच्या सोबतीने, पानांच्या कुजीने भरलेल्या आम्लधर्मी डोंगरउतारावर उभं असतं. एप्रिलच्या शेवटापासून जूनपर्यंत त्याला लाल, आंबटगोड, बोराहून लहान फळं धरतात. पोरंबाळं जंगलात जाऊन टोपल्या भरून आणतात, रस्त्याच्या कडेला मीठ लावून विकतात.

तिकडची एक लोककथा मला या कामात सारखी आठवत राहिली. आई काफलाची भरलेली टोपली मुलीच्या राखणीत ठेवून कामाला जाते. उन्हाने फळं सुकून टोपली अर्धी दिसायला लागते. मुलीनेच खाल्ली असं समजून आई तिला मारते आणि त्यात मुलीचा जीव जातो. संध्याकाळी पाऊस येतो, फळं पुन्हा फुगतात, टोपली भरते. तेव्हा आईला कळतं. दोघींचे पक्षी होतात आणि दर उन्हाळ्यात "काफल पाको" अशी साद जंगलातून येते. एका टोपलीतलं फळ एका दुपारीत किती आटतं, याची इतकी नेमकी जाण त्या गोष्टीत आहे. काढल्यावर दोन-तीन दिवसांपलीकडे न टिकणारं हे फळ. आमच्याकडे ते पिकेल तो महिना मे. आमच्या मे महिन्याचं ऊन ४५ अंशांच्या वर.

मुळं आणि माती

काकाजींबरोबर वावरात गेले. दहा रोपं उकरून मुळं धुतली. कायफळाच्या मुळांवर गाठी असायला हव्यात. तुरीच्या मुळांवर असतात तशाच कामाच्या, पण जिवाणू वेगळा. त्याचं नाव फ्रँकिया. तो हवेतला नत्र झाडाला देतो, म्हणून हे झाड हलक्या, भुकेल्या उतारावरही तग धरतं. दहापैकी तीन रोपांवर पोवळ्यासारखे छोटे झुपके दिसले, सातांची मुळं कोरी. बहुधा रोपवाटिकेत काही पिशव्यांमध्ये डोंगरातली माती पडली असावी, काहींत नसावी. त्यात काकाजींनी दुकानदाराच्या सल्ल्याने दोनदा युरिया दिलेला. आयता नत्र मिळाला की मुळं गाठी धरायचं मनावर घेत नाहीत. पिवळेपणा काही हटला नाही म्हणून पुढे डीएपी हे स्फुरद असलेलं खतही दिलं. चुन्याच्या जमिनीत स्फुरद वाढलं की झाडाला लोह घेणं आणखी जड जातं. म्हणजे प्रत्येक उपाय दुखण्यात भर घालत गेला. दुकानदारानेही वाईट हेतूने सांगितलं नसणार. पिवळं दिसलं की युरिया, हे आमच्या भागात इतकं अंगवळणी पडलं आहे की कुणी वरचं पान पिवळं आहे का खालचं, हेसुद्धा पाहत नाही. नत्र कमी पडला तर खालची जुनी पानं आधी पिवळी होतात. लोह कमी पडलं तर शेंडा आधी. एवढं पाहिलं असतं तरी युरियाचे पैसे वाचले असते.

माती तीन ठिकाणची घेतली. खालच्या अंगाच्या मातीवर सौम्य आम्लाचा थेंब टाकला तर सोड्याच्या बाटलीसारखी फसफसली. सामू (पीएच; सातच्या खाली आम्लधर्मी, सातच्या वर विम्लधर्मी) ८.३. मुक्त चुना ११ टक्के. मधल्या पट्ट्यात सामू ७.९, चुना थोडा कमी. सगळ्यात वर, टेकडीला लागून असलेल्या मुरमाड तुकड्यात सामू ६.६ आणि आम्ल टाकलं तरी माती गप्प. बोअरचं पाणी तपासलं, ते कडक निघालं, बायकार्बोनेट भरपूर. काकूंना विचारलं तर त्या लगेच म्हणाल्या, "गंजाच्या बुडाले पांढरा थर धरते ना बाई, खरवडून काढा लागते." (गंज म्हणजे पाण्याचं पातेलं.) म्हणजे ठिबकमधून रोज थोडा थोडा चुना मुळांशी जात होता.

चुन्याच्या जमिनीत लोह नसतं असं नाही. काळ्या मातीत लोह भरपूर असतं. पण सामू चढला की ते न विरघळणाऱ्या रूपात अडकून बसतं आणि मुळांना मिळत नाही. संत्र्याला हेच भोगावं लागतं, म्हणून नागपुरी संत्र्याची कलमं जंबेरी किंवा रंगपूर लाइमच्या खुंटावर बांधतात आणि जमीन निवडताना चुना आधी पाहतात. कायफळाचा चीनमधला भाऊबंद म्हणजे यांगमेई. झेजियांग प्रांतात त्याच्या मोठ्या बागा आहेत आणि त्याची लागवड दोन हजार वर्षांहून जुनी मानतात. त्या सगळ्या बागा डोंगरउतारावरच्या आम्लधर्मी लाल मातीत आहेत. उत्तर अमेरिकेतल्या जाती किनाऱ्याजवळच्या वाळूत, दलदलीच्या कडेने वाढतात. सगळं कुळच आंबट मातीचं. आमची काळी कपाशीची माती त्याच्या बरोबर उलट टोकाची.

गंधकाचा हिशोब

काकाजी सहज हार मानणारे नाहीत. "मंग माती आंबट करून टाकू. गंधक टाकू, हिराकस टाकू. संत्र्याले टाकतेत ना." (हिराकस म्हणजे लोहाचं सल्फेट.)

मी वहीत त्यांच्यासमोर हिशोब मांडला, आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणात उपयोगाची गोष्ट असेल तर ती हीच. एक एकर जमीन, वरचा १५ सेंटिमीटरचा थर, म्हणजे सुमारे ६०० घनमीटर माती. वजन साधारण ८०० टन. त्यात ११ टक्के चुना, म्हणजे ८८ टन. शंभर किलो चुना मारायला ३२ किलो गंधक लागतं. म्हणजे एकराला २८ टन गंधक, आणि तेही फक्त वीतभर खोलीपर्यंत. काकाजी म्हणाले, एकर राहू दे, खड्ड्यापुरतं कर. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्ड्यात जवळपास ३०० किलो माती. चुना ३३ किलो. गंधक साडेदहा किलो, एका खड्ड्याला. शंभर खड्ड्यांना टनभर. ते मातीत मुरून आम्ल व्हायला जिवाणू लागतात, ओल लागते, महिने लागतात. तोवर बाजूच्या मातीतून आणि बोअरच्या पाण्यातून चुना परत येतच राहणार. मुळं खड्ड्याबाहेर गेली की पुन्हा तेच.

संत्र्याला गंधक आणि हिराकस देतात तेव्हा जमीन मुळात सोसवेल अशी असते, थोडी मदत लागते एवढंच. इथे मदतीने भागणारं नव्हतं. पानांवर लोह फवारता येतं, पण ते जिथे पडतं तिथेच हिरवं करतं, पुढचं पान पुन्हा पिवळं. लोह विरघळत्या रूपात धरून ठेवणारी चिलेट नावाची खतं मिळतात, पण दुकानातलं स्वस्त ईडीटीए चिलेट इतक्या सामूत मातीतून देऊन टिकत नाही. ईडीडीएचए टिकतं, पण त्याचा भाव पाहून काकाजींनी डबी परत ठेवली.

तरी त्यांची जिवंत चाळीस रोपं डोळ्यांसमोर मरू द्यायची माझी तयारी नव्हती. आम्ही ठरवलं की बारा चांगली रोपं निवडायची आणि तीन रीतींनी वागवून पाहायची. बाकीची जशी आहेत तशी, युरिया बंद करून.

चार रोपं खालच्या अंगातच ठेवली, गंधक आणि हिराकस देऊन, पंधरा दिवसांनी फवारणी करून. चार रोपं वरच्या मुरमाड तुकड्यात हलवली, खड्ड्यात पालापाचोळ्याचं कुजलेलं खत घालून. आणि चार ड्रममध्ये. दोनशे लिटरचे निळे ड्रम आडवे कापून दोन कुंड्या होतात एका ड्रमच्या. तळाला भोकं, त्यावर विटांचे तुकडे, मग वरच्या तुकड्यातला मुरूम आणि धुऱ्यावरच्या आंब्याच्या पानांची दोन वर्षं कुजलेली माती निम्मी-निम्मी, थोडं गंधक. महिनाभर ओलं ठेवून सामू ५.८ वर आणला, मगच रोपं लावली. ज्या रोपांच्या मुळांवर गाठी होत्या त्यांच्या भोवतालची मूठ-मूठ माती चारही ड्रममध्ये घातली. पाणी फक्त पावसाचं. काकूंनी गोठ्याच्या टिनावरून पन्हाळ काढून टाकीत उतरवलं. ही कल्पना त्यांची, आणि मी नंतर इतरांना सांगितलेल्या सगळ्या उपायांत लोकांनी हाच एक लगेच उचलला.

खालच्या अंगातली चारही रोपं जानेवारीपर्यंत गेली. न हलवलेल्यांपैकी फेब्रुवारीत अकरा उरली, होळीला चार, एप्रिलच्या मध्याला एकही नाही.

मुरमाड तुकड्यातल्या चार रोपांनी मला आशा दाखवली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्यांना नवी पालवी आली आणि ती हिरवी होती. मातीचं निदान बरोबर होतं याची ती साक्ष. मग मार्च आला. काकाजींनी पश्चिमेला पऱ्हाट्यांचा आणि तुराट्यांचा आडोसा उभा केला, वर हिरवी जाळी ताणली, संध्याकाळी टाकीतलं पाणी. एप्रिलअखेर पानांच्या कडा करपल्या. मेच्या तिसऱ्या आठवड्यात गरम झळा सुरू झाल्या आणि चार दिवसांत चारही रोपं तपकिरी झाली. पाणी मुळांशी होतं. पानातून ते जितक्या वेगाने उडत होतं तितक्या वेगाने त्या कोवळ्या मुळांना देता येत नव्हतं. माती जमली तरी हवा जमली नाही.

यावर गावातल्या एका शिकलेल्या मुलाने चांगला प्रश्न विचारला. चिखलदरा ११०० मीटरवर आहे, तिथे कॉफी होते, मग कायफळ का नाही? उंचीचा आकडा पट्ट्यात बसतो हे खरं. पण हिमालयातले ९०० मीटर तिसाव्या अक्षांशाजवळचे आहेत आणि चिखलदरा एकविसाव्या अक्षांशावर. उत्तरेला सरकलं की तेवढ्याच उंचीवर थंडी अधिक. झाड वाचतं ते त्याला मिळणारा गारवा, ओलावा आणि माती. समुद्रसपाटीपासूनचे मीटर त्याला कळत नाहीत. चिखलदऱ्यात कुणी हौसेने दोन झाडं लावून पाहिली तर मला आनंदच होईल. पण त्यावर एकर लावायला मी कुणाला सांगणार नाही.

रोपं जगली असती तर

समजा ती जगली असती. मग उत्पन्न कशाचं?

फळाचं म्हणावं तर कायफळात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. परागकण वाऱ्याने जातात, फळ फक्त मादीला. बियांपासून केलेलं रोप नर की मादी हे फुलोरा येईपर्यंत कळत नाही, आणि बियांच्या झाडाला फुलोऱ्यावर यायला बरीच वर्षं जातात. तिसऱ्या वर्षीचं उत्पन्न पत्रकातच होतं. चीनमधले बागायतदार यांगमेईची मादी झाडं कलमाने वाढवतात आणि बागेत मोजकी नर झाडं ठेवतात. आपल्याकडे कायफळ आजही मुख्यतः जंगलातून गोळा होतं. त्याची कठीण कवचाची बी लवकर रुजत नाही, फांद्यांना मुळं फुटता फुटत नाहीत, म्हणून रोपवाटिकेतही त्याची संख्या वाढवणं अवघड.

सालीचं म्हणावं तर मला तिथे जास्त वाईट वाटतं. साल म्हणजे झाडाचं अन्न खाली नेणारी वाट. सभोवार सोलली की झाड मरतं. थोड्या थोड्या पट्ट्यांनी काढायची तर झाडाला चांगली जाडी हवी, दोन काढण्यांमध्ये वर्षं जाऊ द्यायला हवीत. औषधासाठी आणि टॅनिनसाठी ओरबाडल्याने हिमालयातल्या कायफळाची आधीच ओढाताण झाली आहे. सालीतून पिवळा रंगही काढतात. मिरिसेटिन या रंगद्रव्याचं नावच मिरिकावरून आलं. वीतभर रोपाकडून साल मिळायला काकाजींच्या नातवाचं वय व्हावं लागलं असतं.

यवतमाळच्या काष्टौषधीच्या दुकानात काकाजी आणि मी दोघे गेलो. दुकानदारांनी पोतं उघडून साल दाखवली, माल उत्तरेकडून येतो असं सांगितलं. खप विचारला तर म्हणाले, पुडीपुडीने जातं, महिन्याला काही किलो. एक एकराची साल इथे खपणार नाही हे काकाजींना तिथेच, पोत्यापाशी उभं राहून कळलं. परतताना एसटीत ते बराच वेळ बोलले नाहीत.

एकदा त्यांनी मोबाईलवर मेणबत्त्यांचा व्हिडिओ दाखवला. अमेरिकेत याच झाडाच्या फळांचं मेण काढतात म्हणून. ती जात दुसरी आहे. तिकडच्या बेबेरीची फळं मिरीएवढी, करडी, आणि त्यांच्यावर मेणाचा थर असतो. युरोपातून गेलेल्या वसाहतवाल्यांनी ती उकळून वर तरंगणारं हिरवट मेण गोळा केलं आणि सुवासिक मेणबत्त्या केल्या. ढीगभर फळांतून थोडंसं मेण निघतं. आपलं कायफळ त्यासाठी कुणी लावत नाही. काकाजींनी व्हिडिओ बंद केला आणि म्हणाले, "नाव एक, काम अलग. आमच्यात बी असंच असते भाऊबंदाईत."

आता

पैसे परत मागायला काकाजी दोनदा गेले. विकणाऱ्याचं म्हणणं, रोप खरं होतं, पावतीवर जगण्याची हमी नव्हती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तोंडी हमीला साक्षीदार गावातले तिघं होते, पण त्यातल्या दोघांनीही रोपं नोंदवून ठेवलेली, त्यांना वैर नको होतं. मी या भागात आता एवढंच सांगते की औषधी झाड घ्यायचं तर खरेदीची हमी कागदावर मागा, आणि त्याआधी मूठभर माती घेऊन या. आम्लाचा थेंब टाकायला मी पैसे घेत नाही.

त्या एकरात दुसऱ्या पावसाळ्यात वरच्या आणि मधल्या पट्ट्यात चारोळी लावली. चारोळीचं झाड आमच्याच रानातलं, मुरमाड उतारावर आपोआप उगवणारं. बी ताजं लागतं, जुनं रुजत नाही, कवच जरा फोडून पेरावं लागतं. काकाजींनी मेमध्ये फळं गोळा केली, जूनमध्ये पिशव्यांत बी टाकलं, आणि पंच्याऐंशी रोपांपैकी एकसष्ट आज उभी आहेत. वाढ हळू आहे. फळाला वर्षं लागतील हे त्यांना पहिल्या दिवशीच सांगितलं आहे, आणि कोवळ्या रोपांना रोही तोंड लावतात म्हणून काट्यांचं कुंपण करावं लागलं हेही इथे लिहून ठेवते. खालच्या चुनकंकराच्या पट्ट्यात त्यांनी पुन्हा तूर पेरली. तिथे जागलीचा प्रश्न होता तसाच आहे.

ड्रममधल्या चारपैकी दोन रोपं पहिल्या मेमध्ये गेली. दोन जगली. ती गोठ्याच्या पूर्वेला, मोठ्या आंब्याच्या दाट सावलीत आहेत. दर उन्हाळ्यात शेंडे करपतात, दर पावसाळ्यात बुडातून नवे धुमारे येतात, म्हणून झाड न होता ती झुडपासारखी पसरली आहेत, गुडघ्याच्या जरा वर. गेल्या जूनमध्ये एका ड्रमची माती बाजूने उकरून पाहिली, मुळांवर गाठींचे घोस होते. नर आहे की मादी, दोन्ही मादी की दोन्ही नर, कळायला फुलोरा यावा लागेल. आजी आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना पान चुरडून हुंगायला दिलं तर म्हणाल्या, "थो वास नाई. पन झाड पायलं बाप्पा, एवढं झालं."

मागच्या आठवड्यात शेजारच्या गावचे एक कास्तकार आले. याच रोपांची तीनशेची नोंदणी, अर्धे पैसे भरलेले. खांद्यावरच्या पिशवीत त्यांनी वावराची माती आणली होती. मी बशीत चमचाभर घेतली, थेंब टाकला. माती फसफसली. त्यांनी बशी जवळ ओढून स्वतः आणखी दोन थेंब टाकले, पुन्हा पाहिलं, आणि तिथूनच फोन लावून नोंदणी रद्द केली. आगाऊ भरलेले पैसे अजून परत आलेले नाहीत. पावती त्यांनी माझ्याकडे ठेवायला दिली आहे.